पहिल्या रविवारचा चहा

त्या रविवारी चहात टाकायला साखर नव्हती, म्हणून सगळं उघडकीला आलं. साखर असती तर मी आणखी दहा वर्षं तशीच आंधळी राहिले असते, आणि वर मीच शहाणी म्हणून मिरवले असते.

आमचं देऊळ आष्टीपासून थोडं आत आहे. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. दगडी, बसकं, गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातलं. रीतही त्यांचीच, अँग्लिकन, म्हणजे उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, कुठल्या प्रार्थनेनंतर कुठली प्रार्थना, सगळं ठरलेलं. घरं म्हणाल तर चाळीसेक, पण आठवडा भरगच्च. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, शुक्रवारी महिला मंडळ, शनिवारी झाडलोट आणि गाण्याचा सराव, रविवारी आधी मुलांची शब्बाथशाळा आणि मग नऊला उपासना. ह्या सगळ्याच्या पाळ्या मी लावते. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेला, याद्या करायची खोड हाडात मुरलीय. कुणी पाळी चुकवली की मी तिथल्या तिथं फाडफाड बोलते. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, नवीन आहेत, आणि खरं सांगायचं तर मला वचकून असतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळक वेदीवर भाकर मोडतात, प्याला उचलतात, आणि माणसं रांगेनं पुढं जाऊन, गुडघे टेकून ती भाकर आणि प्याल्यातला घोट घेतात. उपासना लांबते, म्हणून त्या दिवशी शेवटी सगळ्यांना चहा. त्या चहाची पाळी कायम मावशींची. माझ्या वहीत तो रकाना मी कधी बदललाच नाही.

मावशी साठीच्या पुढच्या, बाभळीच्या काटकीसारख्या. ऊसतोडीला जातात. आधी नवऱ्याबरोबर जायच्या, तो गेल्यावर लेकासुनेबरोबर. दिवाळीच्या आगेमागे टोळी कारखान्याकडे निघते ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येते. गावात असल्या की देवळाची घंटा त्यांनीच वाजवायची, वेदीवरचं पांढरं कापड त्यांनीच धुवायचं. सगळे म्हणायचे, मावशी म्हणजे देवळाचा खांब. खांबाला कोण काय विचारतं?

तर त्या रविवारी भाकर मोडायची वेळ झाली आणि मला आठवलं, साखरेची पुडी माझ्याच पिशवीत राहिलीय. मी उठले आणि मागच्या दारानं पत्र्याच्या शेडमध्ये गेले. चूल पेटलेली होती, पण पातेलं केव्हाच खाली उतरवलेलं. मावशी वेदीच्या बाजूच्या खिडकीखाली गुडघ्यांवर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आत पाळकसाहेब जे म्हणत होते तेच त्या म्हणत होत्या, आणि त्यांच्या अर्धा शब्द पुढंच होत्या.

"मावशी, आत चला, रांग लागलीय. चहा मी बघते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या बाई."

"राहू द्या काय? चला म्हणते ना."

त्यांनी पदर सारखा केला. "मला चालत न्हाई. माझ्यावर हात ठिवलेला न्हाई."

मी साखरेची पुडी धरून तशीच उभी राहिले. आमच्यात बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, पण प्रभुभोजनाला बसायचं तर आधी दृढीकरण व्हावं लागतं. त्यासाठी बिशपसाहेब यावे लागतात. ते प्रश्न विचारतात, आपण भर देवळात 'होय' म्हणायचं, मग ते डोक्यावर हात ठेवतात. गावातले बाकीचे लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात होते, तिथंच त्यांचं सगळं उरकलेलं. मावशी शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. आणि बिशपसाहेब आमच्याकडे यायचे ते चार-पाच वर्षांतून एकदा, तेही थंडीत, नाताळच्या आसपास.

"तवा मी उसाच्या फडात असती," मावशी म्हणाल्या. "दर टायमाला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, फुडच्या बारीला हुईल. मग लई वर्सं झाली. मग कुनाला सांगायचं म्हंजे, आत्तापत्तूर कावून न्हाई सांगितलं, हे सांगावं लागतंय." त्या हसल्या. "तुमी चहाची पाळी दिली ते बरं झालं. कुनी इचारत न्हाई."

मी स्वतःला तिथंच दोन मुस्काटात मारून घ्यायला हव्या होत्या. मी एका बाईला वर्षानुवर्षं देवळाबाहेर बसवून ठेवलं होतं, आणि वर तिचं कौतुक करत होते की बघा कशी राबते. मी त्यांना म्हटलं, यंदा तुम्ही आत जाणार, नाही नेलं तर पाळ्यांची वही ह्याच चुलीत घालीन.

त्याच महिन्यात पाळकसाहेबांनी जाहीर केलं की बिशपसाहेब येणार, तेरा मुलांचं दृढीकरण होणार, आणि तारीख डिसेंबरातली आहे. लोक आनंदानं कुजबुजायला लागले. मी उपासना संपेस्तोवर कशीबशी दम धरला.

"डिसेंबरात इथं कोण असतं हो?" मी पाळकसाहेबांना विचारलं. "मी, तुम्ही आणि माळ्यावरची पारवं. निम्मं गाव ऊस तोडत असतं."

"बाई, त्यांचा दौरा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतो."

"मग मोडा."

त्यांनी बिचाऱ्यांनी फोन लावला. पलीकडून कुणीतरी गोड आवाजात नाही म्हणायला लागलं तसा मी फोन हातातून घेतला. म्हटलं, आमचं गाव तुमच्या वहीत दर वेळी थंडीतच कसं येतं, एकदा तुमच्या साहेबांना विचारून सांगा. आठ दिवसांनी खुद्द बिशपसाहेबांचाच फोन आला. दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो म्हणाले. टोळीची गाडी त्यानंतरच्या बुधवारी होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कुणालाच बोलले नाही, आणि घरच्यांना वाटलं मला बरं नाही.

मग काय विचारता. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला वर्ग. पुढं तेरा पोरंपोरी, तेरा-चौदा वर्षांची, फोनवर रेकॉर्ड करून घोकणारी. मागं भिंतीला टेकून मावशी. मला वाटलं होतं त्यांना एकेक ओळ भरवावी लागेल. पहिल्याच दिवशी कळलं, ह्या बाईला अख्खी उपासना पाठ आहे. खिडकीखाली बसून बसून पाळकाचे शब्द, लोकांचे शब्द, मधले आमेनसुद्धा. एखादी पोरगी अडखळली की मागून हळूच शब्द यायचा.

"मावशी, कॉपी पुरवू नका," मी म्हणायचे.

"पुरवत न्हाई बाई. तोंडातून निसटतंय."

पोरं खिदळायची. त्यांना मावशी लई आवडायच्या. एवढी मोठी बाई आपल्याबरोबर परीक्षेला बसलीय ह्याची त्यांना केवढी मजा. वर्ग सुटला की त्यांना घरापर्यंत सोडायला सगळी वरात निघायची.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि दहा आज्ञांपाशी गाडी अडली. शब्बाथ पाळायची आज्ञा आली, म्हणजे सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, तशा मावशी गप्प झाल्या.

"म्हणा की. पाठ आहे ना?"

"पाठ हाय," मावशी म्हणाल्या. "म्हनूनच म्हनता येत न्हाई."

मी पोरांना घरी पिटाळलं. मावशी म्हणाल्या, "बाई, पाच म्हैने मी रयवारी कोयता चालवती. गाडी भरायला येती ती वार बघून येत न्हाई. आता बिशप इचारनार, देवाच्या आज्ञा पाळशील का. मी होय म्हननार, आनि तिसऱ्या दिशी गाडीत बसून आज्ञा मोडाया जानार. असलं होय कशापायी म्हनायचं?"

मी चिडले, आणि चिडून पाळकसाहेबांकडे गेले. ते बिचारे मावशींच्या घरी जाऊन बसले, म्हणाले, देव सगळं समजून घेतो.

"देव घील समजून," मावशी म्हणाल्या. "पर होय मला म्हनायचंय."

येणार का नाही, काही सांगेनात. वर्गाला मात्र चुकल्या नाहीत. एवढी तारीख ओढून आणली आणि ही बाई ऐन वेळी नाही म्हणाली तर? पण बळजबरीही करता येईना, कारण खरेपणात ती माझ्याहून दोन पायऱ्या वर होती.

शनिवार उजाडला. काय धांदल होती म्हणून सांगू. झेंडूच्या माळा, पताका, आवारात मांडव, दुसऱ्या दिवशीच्या मटणाची आणि बाजरीच्या भाकरींची तयारी. मावशींनी वेदीचं कापड धुऊन, इस्त्री करून आणलं. माझ्या वहीत एकेक पाळी लिहिलेली: फाट्यावर स्वागताला कोण, हलगी कोण, लेझीम कोण, हार कोण, खुर्च्या कोण. आणि दुपारी मुकादमाचा निरोप आला. मुकादम म्हणजे टोळी नेणारा माणूस. कारखाना लवकर सुरू होतोय, गाडी बुधवारी नाही, उद्याच. दुपारी बाराला.

मी तशीच त्याच्या दारात गेले. तो आमच्यातला नाही, पण गावातला आहे, आणि चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता.

"बाई, गाडी माझी असती तर आठवडाभर थांबवली असती," तो म्हणाला. "डायवर कारखान्याचा. बाराच्या पुढं मिनिट न्हाई."

मी हिशोब केला. बिशपसाहेब साडेआठला फाट्यावर, नऊला उपासना, अकराला सगळं आटपतं. बसतंय. मावशींना जाऊन सांगितलं. त्या पेटी बांधत होत्या. "बघू," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी साडेसातपासून आम्ही फाट्यावर. हलगी कडाडतेय, पोरं लेझीम खेळतायत, रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवाले थांबून विचारतायत कुणाचं लग्न. साडेआठ झाले. नऊ झाले. साडेनऊ. फोन लागेना. हलगीवाल्याचे हात दुखायला लागले. दहा वाजून गेले. मग लांबून धूळ दिसली. ती बिशपसाहेबांच्या गाडीची नव्हती. धनगराचा भलामोठा कळप रस्ता भरून येत होता, आणि त्याच्या मागं, मेंढराच्या चालीनं, एक पांढरी गाडी.

आधी घाटात पंक्चर झालं, आणि मग हा कळप आडवा आला. आमच्या हलगीवाल्याला गाडी दिसताच हुरूप आला, त्यानं हलगीवर अशी काठी हाणली की मेंढरं बिथरून चारी दिशांना तुरीत घुसली. मग लेझीम टाकून सगळे मेंढरं हाकायला. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात एक कोकरू काखेत घेऊन पळत होते. बिशपसाहेब गाडीतून उतरले, त्यांच्या हातात बिशपांच्या मानाची, वर वळलेली मेंढपाळाची काठी होती. धनगरानं ती नीट न्याहाळली आणि म्हणाला, "काठी चांगली हाय, पर वापरात दिसत न्हाई." बिशपसाहेब पोट धरून हसले. माझं मात्र घड्याळाकडे लक्ष होतं.

देवळापाशी आलो तेव्हा अकराला पाच कमी. टोळीचा ट्रक आवाराच्या दारात येऊन उभा होता. पेट्या, पाण्याचे ड्रम, कोप्यांचे, म्हणजे फडावरच्या झोपड्यांचे, बांबू, टोपलीखाली कोंबड्या. मावशी घंटेपाशी उभ्या होत्या, नव्या लुगड्यात. आल्या होत्या. मला रडूच यायचं बाकी होतं, पण तेवढा वेळ नव्हता. मी पाळकसाहेबांना म्हटलं, "हार नंतर, भाषण नंतर. आधी हात." चार पानांचं स्वागताचं भाषण लिहून आणलेले गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

उपासना धावतच सुरू झाली. मुलं पुढं ओळीनं उभी, टोकाला मावशी. बिशपसाहेबांनी विचारलं, देवाच्या आज्ञांप्रमाणे चालाल का. तेरा गळ्यांतून 'होय' आलं. चौदावं आलं नाही. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"तुम्ही?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"सायेब, मी रयवारी ऊस तोडती," मावशी म्हणाल्या. "पाच म्हैने. होय म्हनलं तर खोटं हुईल."

मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दारातून आवाज आला. मुकादम, मावशींना बोलवायला आलेला, टोपी हातात घेऊन उंबऱ्याशी उभा होता.

"सायेब, मी ह्यांच्यातला न्हाई, पर बोलतो," तो म्हणाला. "ह्या मावशीपायी माझी दर रयवारी झोपमोड हुती. तांबडं फुटायच्या आधी कोप्यांपुढं हुभी ऱ्हाती आनि कोयत्यावर दगड हानती. टण टण टण. मग ह्यांच्यातली हायेत तेवढी गोळा हुत्यात, आनि ही सगळं तोंडपाठ म्हनती. अर्धा तास. मगच फडात पाय टाकती. थंडी असो, काय असो."

मी मावशींकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या, चोरी पकडल्यासारख्या. त्यांची सून मागून होकाराची मान डोलावत होती. आमच्यापैकी गावात राहणाऱ्या एकालाही हे माहीत नव्हतं. ज्या बाईला देवळात भाकर चालत नव्हती, ती खिडकीखाली ऐकलेलं सगळं फडात नेऊन लोकांना वाटत होती.

बिशपसाहेब पायरी उतरून खाली आले. "मावशी, विसावा तुम्ही मोडलेला नाही," ते म्हणाले. "तो तुम्हाला कुणी दिलेला नाही. त्याचा जाब तुम्हाला नाही विचारणार. आता सांगा."

मावशींनी विचार केला. खरंच केला, सगळं देऊळ थांबवून.

"मग होय," त्या म्हणाल्या.

बिशपसाहेबांनी आधी त्यांच्याच डोक्यावर हात ठेवले, मुलांच्या नंतर. मुलं रागावली नाहीत. एकीनं तर टाळ्याच वाजवल्या आणि मी तिच्याकडे डोळेही वटारले नाहीत.

लगेच प्रभुभोजन सुरू झालं, आणि मला आठवलं. चहा. सगळ्या पाळ्या बदलल्या होत्या मी, सगळ्या, आणि चहापुढं मात्र हातानं आपोआप लिहिलं होतं: मावशी. मांडवात दीडशे माणूस, बिशपसाहेब लांबून आलेले, आणि चुलीवर पातेलंसुद्धा नाही. मी मागच्या दारानं पळाले. चूल पेटवली, दूध चढवलं, आणि तिथं बसल्यावर मला ते सगळं ऐकू यायला लागलं. भाकर मोडल्याचा बारीक आवाज. पायांची सरसर. एकेकाला हलक्या आवाजात म्हटलेले शब्द. दिसत मात्र काही नव्हतं. ज्या एका क्षणासाठी मी दोन महिने सगळ्यांशी भांडले, तो भिंतीपलीकडे होऊन गेला, आणि मी दूध ढवळत होते. मला भयंकर वाईट वाटलं, स्वतःसाठी. आणि मग वाटलं, मला एकदाच वाटतंय हे.

मागचं दार धाडकन उघडलं. मावशी.

"तुमी हितं काय करताय?"

"चहा. तुम्ही जा, गाडी थांबलीय."

"तुमी घेतलं का?"

"राहिलं. पुढच्या महिन्यात घेईन."

"फुडच्या म्हैन्यात," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी माझं मनगट धरलं. जन्मभर कोयता धरलेला हात तो, मी काय सुटते. त्यांनी मला तसंच ओढत, चपलांसकट, भर देवळातून पुढं नेलं. बाहेर हॉर्न वाजत होता. उपासना संपत आली होती, प्याल्यात उरलेलं शेवटचं पिऊन टाकायला बिशपसाहेबांनी तो ओठांशी नेला होता.

"थांबा सायेब," मावशी म्हणाल्या. "एक मानूस भायेर ऱ्हायलंय."

त्यांनी प्याला खाली घेतला. मी गुडघे टेकले. मावशी बाजूला उभ्या राहिल्या, मी गिळेपर्यंत, मी चुलीकडे पळेन असं वाटत असावं त्यांना. मागून दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी हललं नाही.

ट्रक बारा वाजून वीस मिनिटांनी गेला. मावशी मागं बसल्या होत्या, पेटीवर, कोयता मांडीवर. बिशपसाहेब चहा न घेताच परत गेले.

माझ्या वहीत आता पहिल्या रविवारचा चहाचा रकाना नाही. भाकर मोडायच्या वेळी आमच्या देवळात चूल पेटलेली नसते. शेवटचा माणूस जागेवर येऊन बसला की मग कुणीतरी उठून पातेलं चढवतं, आणि चहा अर्धा तास उशिरा मिळतो. लोक कुरकुरतात. मी त्यांना कुरकुरू देते.